बुडालेली पायरी
(प्रस्तावना)

या पुस्तकाला निमित्त झालं एका प्लॅस्टिकच्या फाईलचं.

पावसाळा सरत आला होता, भातं निसवायला लागली होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी बाजारासाठी मलकापूरला आली आणि पिशव्या घेऊन तशीच आमच्या दारात उभी राहिली. बरोबर नऊ वर्षांची मुलगी. पोरीनं चपला काढल्या, माझ्याकडं बघून हसली आणि थेट खिडकी गाठली. आमच्या घरासमोरून कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता जातो. लाल गाडी दिसली की ती हात वर करायची, ट्रक गेला तर नाही. आईनं फाईल उघडली. गुणसूत्रांचा रिपोर्ट, हृदयाचा टू-डी एको, थायरॉईडचा एक जुना कागद, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, बुद्धीच्या टॉनिकची चिठ्ठी. सगळं तारखेवार लावलेलं. मग तिनं मोबाईल पुढं केला. त्यावर उंदराचा फोटो होता.

"सर, उंदरावर औषध गावलंय म्हणं. शिकाय लागल्यात ती उंदरं. आमच्या पोरीला कवा मिळायचं?"

चाळीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला याचं उत्तर यायला हवं होतं. 'येईल हो, धीर धर' म्हणणं सोपं होतं, 'असल्या बातम्यांवर विश्वास ठेवू नकोस' म्हणणं त्याहून सोपं. पहिलं खोटं ठरलं असतं. दुसरं अन्यायाचं, कारण त्या उंदरांमागं माणसांनी आयुष्यं घातली आहेत आणि त्यांचं काम खोटं नाही. मी म्हणालो, "वाचून सांगतो." ते सांगणं वाढत वाढत एवढं झालं.

त्या पोरीला डाऊन सिंड्रोम आहे. तो म्हणजे काय, हे पहिल्या प्रकरणात सविस्तर आहे, म्हणून इथं थोडक्यात. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरनं १८६६ साली या मुलांचं वर्णन लिहिलं, पण कारण कळायला त्र्याण्णव वर्षं गेली. १९५९ साली पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लझन आणि रेमों तुर्पें यांनी दाखवून दिलं की या मुलांच्या पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, २१वं गुणसूत्र दोनच्या जागी तीन. पेशी वाढवण्याचं कष्टाचं काम गोतिएबाईंचं होतं. निबंधावर त्यांचं नाव चुकीचं छापलं गेलं आणि कीर्ती बरीच वर्षं लझन यांच्याकडं राहिली. जगात साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल असं जन्मतं. ग्रहणात आईनं विळी धरली म्हणून नव्हे आणि कुणाच्या करणीनंही नव्हे. बहुतेक वेळा बीजांड तयार होताना गुणसूत्रांची एक जोडी सुटी होत नाही, एवढंच. आमच्या भागात अशा लेकराला 'खुळं' म्हणतात. शब्दात माया असते कधी, कधी नसते. साहेबाच्या भाषेतही पूर्वी याहून वाईट शब्द होता, एका अख्ख्या देशाच्या लोकांवरून पाडलेला. मंगोलियानं हरकत घेतल्यावर १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो सोडला.

आता उंदीर.

माणसाचं २१वं गुणसूत्र उंदरात एका जागी सापडत नाही. त्यावरची जनुकं उंदराच्या १६, १७ आणि १० या तीन गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत, मोठा वाटा १६व्यावर. आधी शास्त्रज्ञांनी अख्खं १६वं गुणसूत्र तिप्पट असलेले उंदीर तयार करून पाहिले, पण ती पिल्लं आईच्या पोटातच मरत. मग अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत म्यूरिअल डेव्हिसन यांनी वेगळी वाट धरली. नर उंदरांवर किरणांचा मारा करायचा, त्यांची पिल्लं एकेक तपासायची आणि १६व्या गुणसूत्राचा हवा तो तुकडा तुटून दुसरीकडं चिकटलेलं पिल्लू शोधायचं. गवताच्या गंजीत सुई शोधण्यापेक्षा हे अवघड, कारण सुई निदान तिथं आहे हे ठाऊक असतं. १९९० च्या सुमारास त्यांना हवी ती जात मिळाली. नाव टीएस-६५-डीएन, शेवटचं 'डीएन' डेव्हिसनबाईंच्या प्रयोगशाळेचं. पुढची पंचवीस-तीस वर्षं डाऊनवरच्या बहुतेक औषधांची पहिली परीक्षा याच जातीनं दिली. हे उंदीर पांढरेशुभ्र नसतात, आपल्या माळ्यावरच्या उंदरासारखेच तपकिरी असतात. नर बहुधा वांझ असतात, म्हणून वंश मादीकडून चालवावा लागतो. म्हणजे प्रत्येक पिल्लाची आईही तिप्पट गुणसूत्राचीच असते. माणसात असं क्वचितच होतं. हा फरक लक्षात ठेवा, पुस्तकात पुढं उपयोगी पडेल.

उंदराला 'शिकता येत नाही' हे ठरवायचं कसं? त्याला ना पाढे विचारता येतात ना कविता म्हणायला लावता येते. यासाठी रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ च्या सुमारास आखलेली एक परीक्षा आजही चालते. चारएक फूट रुंदीचा गोल हौद, त्यात दूध किंवा पांढरा रंग घालून गढूळ केलेलं पाणी आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली बोटभर बुडवलेला छोटा चौथरा. उंदराला पाण्यात सोडतात. त्याला पोहता येतं, पण आवडत नाही. धडपडत तो कधीतरी चौथऱ्यावर चढतो. भिंतींवर मोठी चिन्हं लावलेली असतात, इकडं त्रिकोण, तिकडं पट्टे. साधा उंदीर चार-पाच दिवसांत त्या चिन्हांवरून अंदाज बांधून सरळ चौथऱ्याकडं जायला लागतो. टीएस-६५ कडेकडेनं गोल फिरत राहतो.

ही परीक्षा मी वर्गात समजावायचो तेव्हा हौद काढायचोच नाही, विहीर काढायचो. आमच्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पावसात विहीर भरली की वरच्या पायऱ्या बुडून जातात. पोहून दमलेल्या पोराला दिसत काही नसतं, तरी त्याला ठाऊक असतं, उंबराच्या फांदीखाली आलं की पायाला पायरी लागते. पायरी डोळ्यांना दिसत नाही, ती उंबरामुळं कळते. मेंदूत हे काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो, तुमचा, माझा आणि उंदराचाही. डाऊनमध्ये याच भागाचं कामकाज अडखळतं. म्हणून हौदातल्या उंदराकडं बघून माणसाबद्दल काही बोलता येतं. काहीच, सगळं नव्हे.

अडखळतं का, याचं एक उत्तर २००७ साली गाजलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रेग गार्नर यांच्या प्रयोगशाळेत फेबिअन फर्नांडेझ हा विद्यार्थी काम करत होता. मेंदूत काही रसायनं पेशींना चेतवतात, काही आवरतात. आवरणाऱ्यांत मुख्य गॅबा. आंबा घाट उतरताना ब्रेकवर पाय लागतोच, पण सपाटीला आल्यावरही पाय अर्धवट ब्रेकवरच राहिला तर गाडी पुढं जाईल कशी? टीएस-६५ च्या मेंदूत गॅबाचा ब्रेक असाच जास्त लागलेला असतो, हा त्यांचा तर्क. त्यांनी पीटीझेड नावाचं औषध अगदी कमी मात्रेत दुधातून रोज दिलं, सतरा दिवस. उंदीर ओळखीच्या आणि नव्या वस्तूंतला फरक साध्या उंदरांसारखा ओळखू लागले. औषध बंद केल्यावरही परिणाम दोन महिन्यांपर्यंत टिकला. बातमी जगभर गेली. फाईलवाल्या बाईंपर्यंत ती पंधरा वर्षांनी पोचली, एवढंच.

पीटीझेडचा इतिहास मात्र त्या बातमीत नव्हता. १९३० च्या दशकात हेच औषध मोठ्या मात्रेत टोचून मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणत, उपचार म्हणून. पुढं अमेरिकेत त्याची मान्यता काढून घेतली गेली. डाऊन असलेल्या मुलांना फिट येण्याचा धोका आधीच इतरांपेक्षा जास्त असतो. ज्या औषधानं जास्त मात्रेत फिट येते ते अशा लेकराला द्यायचं, हे ऐकून कुणाही आईच्या पोटात गोळा येईल. औषध कंपन्यांनीही मग जरा सौम्य वाट शोधली. गॅबाचा सगळा ब्रेक सोडायचा नाही, फक्त गॅबाला पकडणाऱ्या, हिप्पोकॅम्पसमध्ये जास्त असलेल्या एका प्रकारच्या ग्राहीपुरता ढिला करायचा. उंदरांत हेही जमलं. रोश कंपनीनं बास्मिसानिल नावाचं औषध माणसांपर्यंत नेलं. २०१६ मध्ये चाचणीचा निकाल आला: औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा फरक नाही. काम थांबलं.

माझ्या मनात जास्त घर करून राहिली ती आल्बेर्तो कोस्टा यांची गोष्ट. ब्राझीलचे डॉक्टर, अमेरिकेत मेंदूवर संशोधन करणारे. मुलीला डाऊन सिंड्रोम असल्याचं कळल्यावर त्यांनी आपलं संशोधनच त्या दिशेला वळवलं. अल्झायमरसाठी आधीपासून वापरात असलेलं मेमँटिन हे औषध त्यांनी टीएस-६५ ला परीक्षेआधी एकदा टोचलं, तर उंदीर धोक्याची जागा साध्या उंदरांइतकीच नीट लक्षात ठेवू लागले. मग सुमारे चाळीस तरुणांवर सोळा आठवड्यांची चाचणी, निकाल २०१२. मुख्य मोजमापांत फरक पडला नाही, शब्द लक्षात ठेवण्याच्या एका कसोटीत थोडा पडला. तेवढ्या धाग्यावर त्यांनी मोठी चाचणी उभी केली, अमेरिका आणि ब्राझील मिळून १६० जण, पुन्हा सोळा आठवडे. २०२२ मध्ये निकाल छापला: औषध सोसवतं, बुद्धीत सुधारणा नाही. बाप असलेल्या माणसानं तो निकाल जसा आला तसा जगापुढं ठेवला. फाईलवाल्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "त्यांच्या पोरीलाबी न्हाईच मिळालं की मग."

उंदराला लागू पडलेलं माणसाला का लागू पडत नाही? चौथं प्रकरण सगळं याच प्रश्नाचं आहे आणि वेळ नसेल त्यानं निदान तेवढं वाचावं. इथं दोन-तीन गोष्टी.

टीएस-६५ च्या वंशात डोळ्याचा पडदा खराब करणारं एक जनुक फिरत असतं. चाळून वेगळी काढली नाहीत तर साधारण चौथा हिस्सा पिल्लं आंधळी निघतात. हौदातल्या भिंतीवरचा त्रिकोण आंधळ्याला काय दिसणार? तो 'नापास' झाला तर दोष बुद्धीचा की डोळ्यांचा? चांगल्या प्रयोगशाळा हे आधी तपासतात. दुसरी गोष्ट उशिरा उघडी पडली. किरणांच्या माऱ्यात १६व्याचा तुकडा १७व्याच्या ज्या टोकाला चिकटला, तिथली काही डझन जनुकंही या उंदरांत तिप्पट झाली आहेत, आणि त्यांचा डाऊनशी काहीच संबंध नाही. २०११ च्या सुमारास हे कळलं तेव्हा अनेक जुन्या निष्कर्षांकडं पुन्हा बघावं लागलं. अलीकडं फ्रान्समध्ये तो भाग वगळून नवी जात तयार केली आहे. त्याआधी २००५ साली लंडनच्या व्हिक्टर टिब्युलेविझ आणि एलिझाबेथ फिशर यांनी माणसाचं २१वं गुणसूत्रच जवळजवळ अख्खं उंदरात घालून दाखवलं होतं.

तिसरी वेळेची. उंदराचं पिल्लू एकवीस दिवसांत जन्मतं, ते मेंदू अर्धाकच्चा घेऊन. त्याच्या मेंदूचे जन्मानंतरचे काही दिवस म्हणजे माणसाच्या बाळाचे पोटातले शेवटचे महिने. जॉन्स हॉपकिन्सच्या रॉजर रीव्हज यांनी २०१३ साली जन्माच्याच दिवशी एक इंजेक्शन दिलं, तर लहान मेंदू नीट वाढला आणि मोठेपणी ते उंदीर हौदात पासही झाले. हे माणसात करायचं तर गरोदर आईला टोचावं लागेल आणि ते औषध ज्या यंत्रणेला चेतवतं तीच काही कर्करोगांशी बांधलेली आहे. 'जन्मताच एका इंजेक्शननं' असा मथळा आला की यापुढं हे आठवावं.

आणि उंदराला बोलता येत नाही. आमच्या त्या पोरीची खरी अडचण बोलण्याची आहे. तिला सगळं समजतं, सांगता येत नाही. तिची ही अडचण कुठल्याही हौदात मोजता येणार नाही.

मग उंदीर कशाला, असं एका पालकानं मला तावातावानं विचारलं. पिरासिटामसाठी, हे माझं उत्तर. फाईलमधलं टॉनिक तेच होतं. आपल्याकडं ते सिरपच्या बाटलीतून आजही मिळतं. टोरांटोत मुलांवर काटेकोर चाचणी झाली, निकाल २००१ साली छापला. बुद्धीत फायदा नाही, उलट काही मुलं आक्रमक आणि अस्वस्थ झाली. पुढच्या वर्षी टीएस-६५ वरही पाहिलं गेलं, तिप्पट गुणसूत्राच्या उंदरांना उपयोग झाला नाही. उंदीर आणि मूल, दोघांनी एकच सांगितलं. ती बाटली मी बंद करायला सांगितली नाही, तो माझा अधिकार नव्हे. फाईल घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं पुन्हा जा, एवढं सांगितलं. आता ती बाटली घरात नाही.

ग्रीन टीबद्दलही लोक विचारतात. त्यातल्या एका घटकावर बार्सिलोनात मारा डीर्सन आणि राफाएल दे ला तोरे यांनी काम केलं. उंदरांवर, मग ऐंशीहून थोड्या जास्त तरुणांवर वर्षभर. २०१६ च्या निकालात काही कसोट्यांवर थोडी सुधारणा दिसली. पण सगळ्यांनाच बौद्धिक सरावाचे धडे दिले होते आणि औषध मोजून-मापून काढलेल्या अर्काचं होतं. जास्त मात्रेत हाच घटक यकृताला बाधतो. तेव्हा किराणा दुकानातलं पाकीट उकळून लेकराला पाजण्याचा उद्योग कुणी करू नये. २०२२ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी एका संप्रेरकाचा पंप डाऊन असलेल्या सात पुरुषांना सहा महिने लावला, सहांमध्ये सुधारणा दिसली. सात माणसं आणि तुलनेला दुसरा गट नाही. आशा वाटावी इतकं, धावत सुटावं इतकं नव्हे.

उंदरांच्या जिवाबद्दल एका मुलानं वर्गात विचारलं होतं: "गणपतीच्या वाहनाला पाण्यात का बुडवत्यात सर?" हसण्यावारी नेलं मी. आता नेणार नाही. आपल्याकडं १९६०चा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, प्रयोगांवर नजर ठेवणारी केंद्रीय समिती आहे आणि प्रयोगाआधी किती प्राणी, का, दुसरा मार्ग का नाही, हे लिहून द्यावं लागतं. तरी उंदीर मरतात. ज्या प्रयोगाची आखणी ढिसाळ, त्यातले उंदीर फुकट मरतात, असं माझं मत आहे आणि ते पुस्तकात लपवलेलं नाही.

या सगळ्या वाचनात एक निबंध मला फार आवडला. त्यात औषध नव्हतं. स्पेनमधल्या संशोधकांनी २००२ साली टीएस-६५ ना मोठा पिंजरा, चक्र, बोगदे, नवनव्या वस्तू आणि सोबती दिले. माद्या हौदात सुधारल्या. नर बिघडले, बहुधा गर्दी आणि मारामाऱ्यांमुळं. एकच उपाय, एकच जात, निकाल उलटा. अंगणवाडीत बसवून ठेवलं की झालं, असं मानणाऱ्यांनी यावर थोडं थांबून बघावं. लेकराला संगत हवी, पण कुठली आणि किती, हे त्याच्याकडं बघून ठरवावं लागतं. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्यानं १९४४ साली आपल्या मुलीसाठी घरीच शाळा काढली, तीच आजची जय वकील. तेव्हा हातात गोळी नव्हती, गुणसूत्राचा शोधही लागला नव्हता.

आमच्या शाहूवाडी तालुक्यात वाड्या-वस्त्या डोंगरात पसरलेल्या आहेत. पावसाळ्यात एस.टी. चुकली तर दिवस गेला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्यांच्या तपासणीच्या यादीत डाऊन सिंड्रोमही आहे आणि जन्मजात हृदयदोषही. पथक येईल त्या दिवशी लेकरू घरात ठेवू नका. डाऊन असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात काहीतरी दोष असतो, पुष्कळांना कमी ऐकू येतं आणि थायरॉईड मंदावण्याचं प्रमाण बरंच असतं. ऐकू न येणारं किंवा थायरॉईड मंदावलेलं मूल शिकण्यात आणखी मागं पडतं आणि घरचे म्हणतात, त्याचं असंच आहे. थायरॉईडसाठी औषध आहे, स्वस्त आहे आणि त्याची वाट बघावी लागत नाही.

त्या दिवशी मी फाईल परत देताना थायरॉईडचा कागद वर काढून ठेवला. तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची होती. मुलीनं तेवढ्यात अकरावी गाडी मोजली होती, निदान हात तरी अकरा वेळा वर केला होता.

पुढचं पान उलटण्याआधी तुमच्या घरची फाईल काढा आणि थायरॉईडच्या शेवटच्या तपासणीची तारीख बघा. वर्षाहून जुनी असेल तर पुस्तक नंतर वाचा.

मलकापूर, जि. कोल्हापूर